निरोप कुठे अडला?

मार्च-एप्रिल आला की यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा इथल्या महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळांत अंतिम वर्षाच्या प्रकल्पांची धावपळ सुरू होते. कुणी कृषी केंद्रातल्या बियाण्या-खतांच्या साठ्याची वेबसाइट केलेली असते, कुणी जिनिंगमध्ये येणाऱ्या कापसाच्या नोंदीची, कुणी वाचनालयाची, कुणी रक्तदात्यांच्या यादीची. विषय वेगवेगळे, पण सांगाडा बहुतेक एकच. समोर वेबपानं, त्यांच्यामागे पीएचपी आणि सगळ्यांत मागे मायएसक्यूएलचा डेटाबेस, तेही एकाच लॅपटॉपवर. बाहेरून आलेले परीक्षक खुर्चीत बसतात, विद्यार्थी ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट' टाइप करतो, आणि पानाऐवजी पडद्यावर उमटतं, 'कनेक्शन फेल्ड'. त्यावरचं उत्तर ठरलेलं असतं, "सर, कालवरी तं चालू होतं!"

परीक्षकांना ही सबब वाटते. पण बहुतेक वेळा पोरगं खरं बोलत असतं. कोड काल होता तोच आजही आहे. बदललंय ते त्याच्या भोवतीचं काहीतरी. रात्री वीज गेली, विंडोजने आपणहून अपडेट घेतलं, मित्राने आणखी एक सॉफ्टवेअर टाकून दिलं, किंवा घरच्या लॅपटॉपवरचा प्रकल्प पेनड्राइव्हवरून कॉलेजच्या संगणकावर आणला. अशा वेळी डेटा जागच्या जागी असतो, फक्त त्याच्याशी बोलणं बंद पडलेलं असतं. डेटा खरोखर जातो तो बहुधा पुढच्या अर्ध्या तासात, म्हणजे घाबरून सगळं काढून टाकून नव्याने बसवण्याच्या उद्योगात.

पुसदचं बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ साली सुरू झालं, अमरावती विद्यापीठही त्याच वर्षीचं. यवतमाळच्या जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेची स्थापना १९९६ची. पुढे एमएससीआयटीच्या वर्गांमुळे तालुक्या-तालुक्यात संगणक पोचले. म्हणजे या जिल्ह्यात संगणक शिकण्याला चांगली चार दशकं झाली. तरी वेबसाइट आपल्याच यंत्रावर चालवून बघण्याची पद्धत टिकून आहे, आणि ती टिकावी असंच मला वाटतं. इंटरनेट असो-नसो, काम अडत नाही. होस्टिंगला पैसे पडत नाहीत. मुख्य म्हणजे काही बिघडलं तर बिघाड आपल्या हाताच्या अंतरावर असतो, परदेशातल्या कुठल्या तरी डेटा सेंटरमध्ये नाही.

या कामासाठी बहुतेक जण 'एक्सॅम्प' वापरतात. २००२ साली 'अपाची फ्रेंड्स' या प्रकल्पातून सुरू झालेला हा संच फुकट मिळतो. एका झटक्यात तो अपाची हा वेबसर्व्हर, पीएचपी आणि डेटाबेस अशी तिन्ही कामाची साधनं बसवून देतो. एकाच खोक्यातून आल्यामुळे ही तिन्ही एकच वस्तू आहे असा समज होतो, आणि अर्धा घोटाळा इथेच होतो. अपाची हा वेगळा प्रोग्रॅम आहे आणि डेटाबेसचा सर्व्हर हा वेगळा. एक चालू असताना दुसरा बंद असू शकतो. एकाच लॅपटॉपच्या पोटात असूनही ते एकमेकांशी बोलतात ते जाळ्यावरच्या दोन परक्या यंत्रांनी बोलावं तसे. पत्ता लागतो, पोर्टचा क्रमांक लागतो, वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड लागतो. १२७.०.०.१ हा पत्ता 'हेच यंत्र' या अर्थाने राखून ठेवलेला आहे. त्यावर पाठवलेला निरोप केबलपर्यंत जातच नाही, आतल्या आत वळतो. वेबसर्व्हर साधारणपणे ८० क्रमांकाच्या पोर्टवर कान लावून असतो, मायएसक्यूएल ३३०६वर.

जाता जाता एक खुलासा. एक्सॅम्पच्या नियंत्रण-पटलावर बटणाचं नाव 'मायएसक्यूएल' असलं तरी २०१५पासून आत 'मारियाडीबी' असतं. मायएसक्यूएल १९९५ साली स्वीडनमध्ये जन्मलं. त्याच्या निर्मात्यांपैकी एक, फिनलंडचे मायकेल विडेनियस, यांनी त्याला आपल्या थोरल्या मुलीचं, 'माय'चं, नाव दिलं. पुढे २००८मध्ये सन कंपनीने ते विकत घेतलं, २०१०मध्ये सनच ओरॅकलच्या ताब्यात गेली. हा व्यवहार घडत होता तेव्हाच विडेनियस यांनी त्याच कोडची वेगळी फांदी काढली आणि तिला धाकट्या मुलीचं नाव दिलं, 'मारिया'. दोन्ही बहिणी बऱ्याच अंशी सारख्या वागतात, पण सगळ्या बाबतीत नाही. हा फरक पुढे नडणार आहे.

आता जोडणी तुटते म्हणजे काय होतं? कापसाची गाडी खरेदी केंद्रावर नेणाऱ्याला हे सांगावं लागणार नाही. केंद्राचं फाटकच बंद असेल तर गाडी रस्त्यावरच उभी राहते. फाटक उघडं आहे पण नोंदणीच्या यादीत नाव नाही, तर ती आत येऊन थांबते. नाव आहे पण कागद जुळत नाहीत, तर ती वजनकाट्यापाशी अडते. तिन्ही वेळा माणूस घरी येऊन एकच सांगतो, 'कापूस घेतला नाही'. पण उपाय तीन वेगळे. डेटाबेसच्या जोडणीचंही तसंच आहे. निरोप कुठवर पोचून अडला, हे कळलं की निम्मं काम झालं. आणि ते कळायला अंदाज बांधायची गरज नसते. त्रुटीच्या संदेशातच बहुधा एक क्रमांक असतो, आणि तो क्रमांक नेमकं तेवढंच सांगतो. दुर्दैवाने विद्यार्थी वाचतो तो फक्त 'एरर' हा शब्द.

पहिला क्रमांक २००२. 'टार्गेट मशीन अ‍ॅक्टिव्हली रिफ्यूज्ड' असे शब्द त्याच्यासोबत असतात. याचा अर्थ निरोप यंत्रापर्यंत गेला, पण त्या पोर्टवर ऐकायला कुणी नव्हतं. पासवर्ड चुकला असेल का, ही शंका या टप्प्यावर निरर्थक आहे. पासवर्ड विचारण्यापर्यंत गोष्ट गेलेलीच नाही. एक्सॅम्पच्या पटलावर डेटाबेसच्या नावामागे हिरवा रंग आहे का, एवढंच आधी बघायचं. नसेल तर 'स्टार्ट' दाबायचं. दाबल्यावर तो दोन क्षण हिरवा होऊन पुन्हा विझत असेल आणि खाली लाल अक्षरांत 'मायएसक्यूएल शटडाउन अनएक्स्पेक्टेडली' येत असेल, तर मामला वेगळा. त्याकडे पुढे सविस्तर येऊ.

लिनक्सवर हाच २००२ क्रमांक वेगळ्या वेषात येतो. 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. हे वाचून मुलं आपल्या पीएचपी फाइली शोधत बसतात. खरी गोष्ट अशी, की लिनक्सवर पत्ता म्हणून 'लोकलहोस्ट' असं लिहिलं तर पीएचपी जाळ्याची वाट धरतच नाही. 'सॉकेट' नावाच्या एका खास फाइलमधून ते डेटाबेसशी बोलू बघतं. ती फाइल अपेक्षित जागी नसली की हा संदेश येतो. एक्सॅम्पचा डेटाबेस आपली सॉकेट फाइल स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवतो, उबुंटू या लिनक्ससोबत आलेलं पीएचपी ती भलतीकडे शोधतं. अशा वेळी पत्त्यात 'लोकलहोस्ट'ऐवजी १२७.०.०.१ लिहून बघावं. तेवढ्याने चाललं तर रोगनिदान पक्कं, सॉकेटची जागा जुळत नव्हती.

पीएचपीऐवजी 'नोड' हे साधन वापरणाऱ्यांची तऱ्हा आणखी निराळी. ऑक्टोबर २०२१मध्ये नोडची १७वी आवृत्ती आली आणि तिने 'लोकलहोस्ट' या नावाचा पत्ता काढताना आयपीव्ही४ला पुढे करण्याचा जुना शिरस्ता सोडला. अनेक यंत्रांवर त्यामुळे आधी नव्या पद्धतीचा, आयपीव्ही६चा, पत्ता मिळू लागला. डेटाबेस मात्र जुन्याच पत्त्यावर ऐकत बसलेला. कालपर्यंत चाललेला प्रकल्प नोड अद्ययावत केल्याबरोबर थांबला, आणि कोडमधली एक ओळही बदललेली नव्हती. इथेही औषध तेच, नावाऐवजी आकड्यांतला पत्ता.

आता फाटक ओलांडून आत येऊ. १०४५ हा क्रमांक आला, 'अ‍ॅक्सेस डिनाइड फॉर यूजर', तर आधी हायसं वाटायला हवं. सर्व्हर चालू आहे, पत्ता बरोबर आहे, पोर्ट बरोबर आहे. अडलंय ते नाव-पासवर्डापाशी. या संदेशाच्या शेवटी कंसात एक शेपूट असतं आणि ते फार मोलाचं आहे. 'युझिंग पासवर्ड: नो' असेल तर तुमच्या कोडने पासवर्ड पाठवलाच नाही, 'येस' असेल तर पाठवला, पण नाव-पासवर्डाची जोडी जुळली नाही. एक्सॅम्पमध्ये 'रूट' या मुख्य वापरकर्त्याला सुरुवातीला पासवर्डच नसतो. मुलं पीएचपीमायअ‍ॅडमिन या डेटाबेस हाताळण्याच्या साधनात जाऊन उत्साहाने पासवर्ड लावतात आणि दुसऱ्या मिनिटाला पीएचपीमायअ‍ॅडमिनच उघडेनासं होतं, कारण त्याच्या स्वतःच्या कॉन्फिग फाइलमध्ये अजून रिकामा पासवर्डच लिहिलेला असतो. पासवर्ड एका जागी बदलला की तो जिथे जिथे लिहून ठेवलाय तिथे तिथे बदलावा लागतो. वर्डप्रेसमध्ये ही जागा म्हणजे मुख्य फोल्डरमधली 'डब्ल्यूपी-कॉन्फिग' ही फाइल. तिच्यात डेटाबेसचं नाव, वापरकर्ता, पासवर्ड आणि पत्ता अशा चार ओळी असतात. 'एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन' हे वर्डप्रेसचं वाक्य पुष्कळदा या चार ओळींपैकी एकीत बसलेली जादा मोकळी जागा किंवा राहून गेलेलं अक्षर एवढ्याचंच फळ असतं.

उबुंटूवर मात्र 'रूट'चं दुखणं वेगळं आहे. तिथे १६९८ हा क्रमांक येतो. डेटाबेसच्या 'रूट'ची ओळख तिथे पासवर्डावरून पटवत नाहीत, ऑपरेटिंग सिस्टीमच्या खात्यावरून पटवतात. म्हणजे पासवर्ड कितीही अचूक दिला तरी वेबसाइट 'रूट' म्हणून आत जाऊ शकत नाही. यावर इंटरनेटवर सापडणारा सोपा तोडगा म्हणजे ही सुरक्षाच काढून टाकणं. मला तो पटत नाही. प्रकल्पासाठी वेगळा वापरकर्ता तयार करायला दोन ओळी पुरतात, त्याला फक्त आपल्याच डेटाबेसचे अधिकार द्यायचे. घरच्या विंडोजवरही हीच सवय लावून घेतली तर पुढे खऱ्या सर्व्हरवर गेल्यावर तारांबळ उडत नाही.

मायएसक्यूएलची एक खोड पुष्कळांना ठाऊक नसते. त्याच्या लेखी वापरकर्ता म्हणजे नुसतं नाव नव्हे, नाव अधिक तो कुठून आला ते ठिकाण. त्याच यंत्रावरून आलेला 'रूट' आणि प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या संगणकावरून आलेला 'रूट' या दोन वेगळ्या व्यक्ती. म्हणून दुसऱ्या संगणकावरून थेट जोडायला गेलं की ११३० क्रमांक येतो, 'होस्ट इज नॉट अलाउड'. मग कुणीतरी सांगतं, ठिकाणाच्या जागी टक्केचिन्ह टाक, म्हणजे कुठूनही येता येईल. पासवर्ड नसलेला 'रूट' आणि वर टक्केचिन्ह, म्हणजे कॉलेजच्या वायफायवरच्या प्रत्येकाला तुमच्या डेटाबेसची मालकी. आणि याची गरज तरी कुठे असते? ग्रंथालयात एका यंत्रावर सर्व्हर आणि बाकी दहा संगणकांवर ब्राउझर असला, तर ते दहाही फक्त वेबसर्व्हरशी बोलतात, ८० क्रमांकाच्या पोर्टवर. डेटाबेसशी बोलतो तो एकटा वेबसर्व्हर, आणि तो त्याच यंत्रावर बसलेला असतो. न्यूझीलंडमध्ये तयार होऊन जानेवारी २०००पासून चालत आलेली, आपल्याकडेही अनेक महाविद्यालयीन ग्रंथालयांनी स्वीकारलेली 'कोहा' ही प्रणाली अशा मांडणीत सहज चालते. ३३०६ क्रमांकाचं पोर्ट जाळ्यावर उघडायचं कारणच नाही.

१०४९, 'अननोन डेटाबेस', हा त्या मानाने सरळ. आत गेलात, पण ज्या नावाचा डेटाबेस मागितला तो नाही. बहुतेक वेळा स्पेलिंग, किंवा नव्या संगणकावर डेटाबेस आयात करायचाच राहून गेलेला. यातली खोच एवढीच, की विंडोजवर टेबलाच्या नावातलं मोठं-लहान अक्षर चालून जातं, लिनक्सवर सहसा नाही. घरी विंडोजवर पूर्ण झालेला प्रकल्प कॉलेजच्या उबुंटूवर '११४६, टेबल डझन्ट एग्झिस्ट' म्हणतो तो यामुळे. १०४० म्हणजे जोडण्यांची संख्या संपली. मुळात १५१ ठरलेली असते, आणि एका विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर ती भरली तर कोडमध्ये चक्रातून पुन्हा पुन्हा जोडणी उघडली जातेय असं समजावं.

सगळ्यांत फसवा प्रकार मात्र वेगळाच आहे. सर्व्हर चालू, पासवर्ड पक्का ठाऊक, तरी १०४५. अशा वेळी बघावं की आपण बोलतोय तो सर्व्हर आपलाच आहे ना. डेटाबेसचा विषय शिकताना अनेकांनी ओरॅकलचं मूळ मायएसक्यूएल ८ स्वतंत्रपणे बसवलेलं असतं. ते विंडोजची सेवा म्हणून यंत्र सुरू होताच आपोआप उठतं आणि ३३०६ अडवून बसतं. मग एक्सॅम्पचा डेटाबेस सुरूच होत नाही, पण वेबसाइटला उत्तर मिळत राहतं, ते त्या दुसऱ्याकडून, ज्याला तुमचा डेटाबेस आणि पासवर्ड यांतलं काहीच माहीत नाही. एक्सॅम्पच्या पटलावर 'नेटस्टॅट' नावाचं बटण असतं. कोणत्या पोर्टवर कोणता प्रोग्रॅम बसलाय ते तिथे दिसतं. दोन्ही ठेवायचेच असतील तर एकाचं पोर्ट ३३०७ करावं, पण मग वेबसाइटच्या कॉन्फिगमध्ये आणि पीएचपीमायअ‍ॅडमिनच्या कॉन्फिगमध्येही ते लिहावं लागतं.

एक कारण आपल्या इथल्या रिवाजाचंही आहे. मागच्या बॅचचा प्रकल्प घ्यायचा, नाव बदलायचं, सादर करायचा. यात नीतीचा प्रश्न आहेच, पण तो बाजूला ठेवला तरी तांत्रिक शिक्षा आपोआप होते. जुन्या पुस्तकांतली 'मायएसक्यूएल_कनेक्ट' ही आज्ञा पीएचपीच्या ७व्या आवृत्तीतून, म्हणजे डिसेंबर २०१५पासून, काढून टाकली आहे. तिला हाक मारली की 'अनडिफाइंड फंक्शन' असं उत्तर येतं. २०२१च्या शेवटी आलेल्या पीएचपी ८.१पासून आणखी एक बदल झाला. जोडणी फसल्यावर आपण लिहिलेला सौम्य संदेश दाखवण्याआधीच प्रोग्रॅम मोठा आरडाओरडा करून थांबतो. तो आरडाओरडा वाचावा. त्यात अडण्याचं कारणही असतं आणि ओळही.

आता त्या लाल अक्षरांकडे वळू. 'शटडाउन अनएक्स्पेक्टेडली' याचं एक कारण पोर्ट अडलेलं असणं, ते पाहिलं. दुसरं कारण वीज. उन्हाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि प्रयोगशाळेतल्या डेस्कटॉपांच्या यूपीएसमधल्या बॅटऱ्या बहुधा नावापुरत्याच उरलेल्या असतात. लॅपटॉपला वीज जाण्याचं भय नाही, पण तिथे आपण वेगळा अन्याय करतो. एक्सॅम्पचा डेटाबेस 'स्टॉप' न करताच यंत्र बंद करतो. तो विंडोजची सेवा म्हणून बसवलेला नसेल तर त्याला पसारा आवरायला वेळ मिळेलच असं नाही.

तरीही प्रत्येक वेळी डेटा बिघडत नाही, याचं श्रेय 'इनोडीबी' या साठवण-यंत्रणेला. कोणताही बदल मूळ जागी उतरवण्याआधी ती तो एका नोंदवहीवजा फाइलमध्ये लिहिते. मधेच वीज गेली तर पुन्हा सुरू होताना ती फाइल वाचून पुरे झालेले व्यवहार पूर्ण करते आणि अर्धवट राहिलेले उलटे फिरवते. म्हणून वीज गेल्यावर पहिल्यांदा 'स्टार्ट' दाबताना नेहमीपेक्षा वेळ लागला तर घाबरू नये; तेव्हाच हे काम चाललेलं असतं. डिसेंबर २०१०मध्ये आलेल्या मायएसक्यूएल ५.५पासून नवी टेबलं आपोआप याच पद्धतीने बनतात. त्याआधीच्या 'मायआयसॅम' पद्धतीत ही सोय नाही. तिथे टेबल 'क्रॅश्ड' म्हणून खूण होते आणि ते 'रिपेअर' करावं लागतं.

इनोडीबीलाही न झेपलेलं प्रकरण असेल तर डेटाबेसच्या 'डेटा' फोल्डरमधली 'मायएसक्यूएल_एरर' ही लॉग फाइल उघडावी. पटलावरच्या 'लॉग्ज' बटणानेही ती मिळते. शेवटच्या वीस-पंचवीस ओळींत कारण लिहिलेलं असतं. 'एरिया' नावाच्या दुसऱ्या साठवण-यंत्रणेच्या लॉग फाइली बिघडल्याचं तिथे आलं, तर कोणतं साधन चालवून कोणत्या फाइली काढायच्या हेही तोच संदेश सांगतो. पण पुष्कळ जण लॉग न वाचता एखादा व्हिडिओ लावतात आणि त्यात सांगितलं म्हणून 'आयबीडेटा१' ही फाइल उडवून देतात. त्यानंतर सर्व्हर हसत-खेळत सुरू होतो! पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये टेबलांची नावंही दिसतात. उघडायला गेलं की १९३२ क्रमांक, 'टेबल डझन्ट एग्झिस्ट इन एंजिन'. कोणत्या टेबलाचा डेटा कुठे आहे याची अंतर्गत नोंद त्या एका फाइलमध्ये होती, ती गेली.

म्हणून नियम एकच पाळावा. सर्व्हर बंद करून अख्खं 'डेटा' फोल्डर आधी दुसरीकडे उतरवून घ्यायचं, मग काय करायचं ते करायचं. एक्सॅम्पच्या 'बॅकअप' फोल्डरमधून नव्या कोऱ्या फाइली घेऊन त्यात आपल्या डेटाबेसांची फोल्डरं आणि जुनी 'आयबीडेटा१' परत ठेवण्याची प्रचलित युक्ती अनेकदा चालते, पण ती करायलाही जुनी प्रत हाताशी हवी. तेही जमलं नाही तर इनोडीबीला जबरदस्तीने सुरू करण्याचं एक सेटिंग आहे, १ ते ६ पायऱ्यांचं. १पासून सुरुवात करायची आणि सर्व्हर उठताच सगळा डेटा निर्यात करून घ्यायचा. ४ आणि त्यापुढच्या पायऱ्यांवर डेटा कायमचा बिघडू शकतो, हे निर्मात्यांनीच बजावून ठेवलंय.

घाईत हात चुकीच्या जागी पडणं हा काही यवतमाळच्या पोरांचाच दोष नाही. ३१ जानेवारी २०१७च्या रात्री 'गिटलॅब' या जगभर वापरल्या जाणाऱ्या सेवेचा एक अभियंता दोन डेटाबेस सर्व्हरांमधली अडखळलेली जुळवणी दुरुस्त करत होता. दुय्यम सर्व्हरवरचं फोल्डर रिकामं करतोय असं समजून त्याने आज्ञा चालवली ती मुख्य सर्व्हरवर. दोनेक सेकंदांत लक्षात येऊन त्याने ती थांबवली, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचारच उरले होते. नेहमीचा बॅकअप बघायला गेले तर तो कित्येक दिवस होतच नव्हता, कारण बॅकअप घेणाऱ्या साधनाची आवृत्ती आणि डेटाबेसची आवृत्ती जुळत नव्हती. अपयशाचे ईमेलही कुणापर्यंत पोचले नव्हते. योगायोगाने सहा तासांपूर्वी त्याच अभियंत्याने वेगळ्याच कामासाठी एक प्रत काढली होती, ती कामी आली. मधल्या सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच. कौतुक एवढंच, की त्यांनी हे लपवलं नाही, दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं.

जोडणी जुळल्यानंतरही एक गडबड उरते, आणि ती मराठीत काम करणाऱ्याच्या वाट्याला जास्त येते. पान उघडतं, आकडे बरोबर दिसतात, पण शेतकऱ्याच्या नावाच्या आणि गावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. 'यवतमाळ' या शब्दात युनिकोडच्या हिशोबाने सहा चिन्हं आहेत: य, व, त, म, काना आणि ळ. यूटीएफ-८मध्ये प्रत्येकाला तीन बाइट, एकूण अठरा. जोडणीची दोन्ही टोकं आपण यूटीएफ-८ बोलतोय असं मान्य करतात तोवर ठीक. पण मायएसक्यूएल स्वीडनचं. २०१८च्या ८व्या आवृत्तीपर्यंत त्याची मूळ लिपी पश्चिम युरोपची 'लॅटिन१' आणि वर्णक्रम चक्क स्वीडिश. जोडणी लॅटिन१ राहिली आणि टेबल यूटीएफ-८चं असलं की बाहेर येताना सहा चिन्हांची सहा प्रश्नचिन्हं होतात. कोडमध्ये जोडणी उघडल्याबरोबर तिची लिपी 'यूटीएफ८एमबी४' अशी एका ओळीत सांगितली की हे थांबतं.

इथे फरक ओळखता आला पाहिजे. प्रश्नचिन्हं फक्त दाखवताना येत असतील तर डेटा शाबूत आहे. पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्येही प्रश्नचिन्हंच असतील तर साठवतानाच अक्षरं गळाली, ती आता परत येत नाहीत. प्रश्नचिन्हांऐवजी टोप्या-टिंबं लावलेली रोमन अक्षरं ओळीने दिसत असतील तर मूळ बाइट आत आहेत, फक्त दोनदा गुंडाळले गेलेत. ते सोडवता येतात. आणि जुन्या कार्यालयीन नोंदी कृतिदेव किंवा तसल्या जुन्या फॉन्टमधून थेट चिकटवल्या असतील, तर दोष जोडणीचा नाहीच. तिथे मुळात देवनागरी साठवलेलीच नाही, रोमन अक्षरांवर देवनागरीचं चित्र बसवलेलं होतं. त्या आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्याव्या लागतात.

परीक्षेच्या आदल्या दिवशी करण्याजोगं काम खरं तर एकच. डेटाबेसची निर्यात करून एसक्यूएल फाइल काढायची आणि ती दुसऱ्या संगणकावर आयात होते का ते बघायचं. आयात करून न पाहिलेला बॅकअप हा बॅकअप धरू नये. गिटलॅबचं नेमकं तिथेच चुकलं. घरी मायएसक्यूएल ८ आणि कॉलेजात एक्सॅम्प अशी विभागणी असेल तर इथे १२७३ क्रमांक येण्याची दाट शक्यता असते, 'अननोन कोलेशन'. मायएसक्यूएल ८चा '०९००' आकडा असलेला नवा वर्णक्रम एक्सॅम्पमधल्या मारियाडीबीला ओळखता येत नाही. फाइल साध्या मजकुराचीच असते. ती नोटपॅडमध्ये उघडायची, त्या वर्णक्रमाच्या नावाच्या जागी 'यूटीएफ८एमबी४_युनिकोड_सीआय' असं सगळीकडे बदलायचं, पुन्हा आयात करायची, आणि मग प्रत्येक टेबलातल्या नोंदींची संख्या घरच्या यंत्रावरच्या संख्येशी ताडून बघायची.